बोटुकलीचा उपास

जालना वेगळा जिल्हा होऊन पाच वर्षे झाली होती. त्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, हसनाबादकडच्या एका तलावावर मत्स्यबीजाच्या दहा पिशव्या उघडल्या गेल्या. सात पिशव्यांतले मासे मेलेले होते. तीन पिशव्यांतले जिवंत होते.

मी काठावर उभा होतो. जुन्या जालन्यातल्या एका दैनिकात मी तेव्हा बातमीदार होतो. आमच्या घरचे शेत त्या तलावाच्या सांडव्याखाली असल्याने संपादकांनी मलाच धाडले होते. बातमीची पहिली ओळ एस.टी.तच लिहून झाली होती: तलावात मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम संपन्न. वहीचे ते पान अजून माझ्याकडे आहे. ‘संपन्न’ या शब्दावर काट मारलेली आहे.

तलावातली मासेमारी दोन वर्षांपासून भोयांच्या सोसायटीकडे होती. त्याआधी जालन्याचा एक व्यापारी लिलावात ठेका घेई. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भोई त्याच्याकडे रोजंदारीने जाळी ओढत. मोठी मासळी बर्फात घालून ट्रकने जाई. ओढणाऱ्याच्या घरी बारीक मासळी जाई, तीही मुकादमाने हो म्हटले तर. सोसायटीला ठेका मिळाला तो एका अटीवर. दसऱ्याच्या आत तलावात रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडायचे आणि ते सोडल्याचा दाखला मत्स्य अधिकाऱ्याकडून घ्यायचा. दाखला नसेल तर तलाव पुन्हा लिलावात. व्यापाऱ्याचा मुकादम त्या सोमवारी काठावर हजर होता. त्याला कोणी बोलावले नव्हते.

पहिल्या वर्षी बाहेरून आणलेले बीज सोडले होते. ते महाग पडले आणि निम्मे वाटेत गेले. दुसऱ्या वर्षी अधिकाऱ्याने सल्ला दिला की बीज स्वतःच वाढवा.

हा अधिकारी रत्नागिरीच्या खालच्या अंगाचा, समुद्रावर मासेमारी करणाऱ्या घरातला. बाप आणि दोघे भाऊ होडीवर, हा एकटा शिकून सरकारी नोकरीत. जालन्याला बदली झाली तेव्हा त्याने नकाशावर समुद्राचे अंतर मोजले होते, असे तो स्वतःच सांगे. भोई त्याला ‘समुंदरवाले सायेब’ म्हणत. पहिल्याच बैठकीत त्याने भरती-ओहोटीचा दाखला दिला, तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला होता, “सायेब, आमच्या तळ्यात भरती येत न्हाई. म्हसरं येतेत.”

तो हसला. मग म्हणाला, “माझा बापूस तुमच्यासारखाच. वाऱ्याची सूचना रेडिओवर लागते ती रोज ऐकतो. कशाला, तर चुकली कुठे ते शोधायला.”

बीज वाढवण्याचे काम राजूरजवळ झाले. सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोचे माहेर तिथले. तिच्या भावाच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे. विहिरीखालच्या पडीक तुकड्यात दोन लहान तळी खोदली. चुना टाकला, शेण टाकले, पाणी भरले. मासे सोडण्याआधी पाण्यातले किडे मारायला अधिकाऱ्याने साबण आणि तेल एकत्र करून पाण्यावर पसरायला सांगितले. हे तेव्हा कोणाला पटले नव्हते.

“सायेब,” चेअरमनची बायको म्हणाली, “तळ्याला आंघोळ घालून राह्यले का फोडणी?”

“आधी आंघोळ. फोडणी पुढच्या वर्षी.”

किडे मेले. पहिल्या तळ्यात आषाढाच्या सुरुवातीला मत्स्यजिरे सोडले. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना जिरे म्हणतात, कारण ती तेवढीच असतात. दुसऱ्या तळ्यातले जिरे उशिरा मिळाले, महिनाभराने. पुरुष तलावाची जाळी विणत हसनाबादकडे होते. राजूरला राहून दोन्ही तळी सांभाळली ती चेअरमनच्या बायकोने. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजवायची, सकाळी गव्हाच्या कोंड्यात कालवून पाण्यात टाकायची. बगळे हाकलायचे. पाणी हिरवे जास्त झाले की विहिरीचे नवे पाणी सोडायचे. पिले बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. श्रावणात पहिल्या तळ्यातली पिले बोटुकली झाली होती. तिच्या पावलांचा आवाज झाला की ती कडेला येत, हे मी पाहिले आहे. त्या वेळी ती मला म्हणाली होती, “पेपरवाले भाऊ, हे बी लिहा. आवाज ओळखतेत.” मी लिहिले नव्हते.

आता त्या सोमवारचे.

आदल्या दिवशी दुपारी पुरुषांनी येऊन बोटुकली मच्छरदाणीच्या कापडाच्या तीन चौकोनी पिंजऱ्यांत घेतली. पिंजरे पाण्यातच बांबूंना बांधलेले होते. सोमवारी सकाळी सहाला टेम्पो आला. जालन्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याने आणला होता. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात बोटुकली, वर ऑक्सिजन, तोंडाला दोरी आणि पिशवी तेलाच्या रिकाम्या डब्यात. कुठल्या पिंजऱ्यातले मासे कुठल्या डब्यात, हे कळावे म्हणून अधिकाऱ्याने डब्यांवर चुन्याचे ठिपके दिले होते. पहिल्या पिंजऱ्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

राजूरच्या गणपतीला नारळ फोडून टेम्पो निघाला. तलावावर पोचला तेव्हा कार्यक्रमाला बोलावलेले पाहुणे यायचे होते. पाहुणे साडेदहाला आले. अकराला पहिली पिशवी उघडली.

मुकादम म्हणाला, “चेअरमन, हे सुकवायलाच आनले म्हना की.”

चेअरमन सहा फूट उंच, जाळ्याने हात सोललेला माणूस. तो डब्यापाशी उकिडवा बसला आणि मेलेली बोटुकली ओंजळीत घेऊन पाहत राहिला. पाहुण्यांपैकी एकाने अधिकाऱ्याला मोठ्याने विचारले, “तुमच्याच सल्ल्यानं केलं ना सगळं?”

“माझ्याच,” अधिकारी म्हणाला.

“मग?”

“बघतो.”

त्याने बघितले. सगळे डबे एका ओळीत लावले. ऑक्सिजन सगळ्यांना सारखा भरला होता. उशीर सगळ्यांना सारखा झाला होता. ऊन सारखे, रस्ता सारखा. जिवंत राहिलेल्या तिन्ही डब्यांवर तीन ठिपके होते.

तो उठला आणि चेअरमनला म्हणाला, “तिसऱ्या पिंजऱ्याचं काय वेगळं होतं?”

चेअरमनला माहीत नव्हते. बायका मागे, टेम्पोच्या सावलीत होत्या. त्यांच्यातून त्याची बायको पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला होता. बोलायला तो सोडावा लागला.

“तिसऱ्याला खायला घालायचं राहून गेल्तं,” ती म्हणाली. “टेम्पोवाला हॉर्न वाजवून राह्यला ना. मंग पेंड तशीच राह्यली पातेल्यात.”

“म्हणजे पहिल्या दोघांना घातलीत? आज? निघताना?”

“मंग? पोटभर घातली. रोजच्यापेक्षा जास्ती. माह्या माहेरातून माह्या सासरी चालले ते. उपाशी कोन धाडतं लेकराला?”

त्या भागात लेक सासरी निघाली की उंबऱ्यात तिच्या तोंडात काहीतरी घालतात. गूळ असो, भाकरीचा तुकडा असो. रिकाम्या तोंडी गेलेली लेक माहेराचे नाव खाली करते, असे मानतात. आमच्या घरीही मानत.

अधिकाऱ्याने चेअरमनकडे पाहिले. “मी बैठकीत काय सांगितलं होतं?”

“न्यायच्या आदल्या दिवसापासून खायला घालू नका,” चेअरमन म्हणाला. त्याने शब्द बरोबर लक्षात ठेवले होते.

“मग घरात सांगितलं नाही?”

“खायला घालनं तिचं काम हाये, सायेब. माझं न्हाई. माझ्या कामाचं मी ध्यानात ठेवलं. पिंजरे बांधायचे सांगितल्ते, बराबर बांधले.”

ती बैठक देवळात झाली होती. सोसायटीचे सगळे सभासद हजर होते. सभासद सगळे पुरुष होते. मी स्वतः त्या बैठकीला होतो आणि ‘उपस्थिती चांगली’ असे लिहिले होते.

चेअरमनची बायको माझ्याकडे वळली. “भाऊ, लिहून घ्या. सायेबाचा सल्ला बराबर होता. माह्या हातानं मेले. पेपरात तसंच येऊ द्या, दुसऱ्याचं नाव नको.”

“तुझं नाव कशाला पेपरात?” चेअरमन म्हणाला.

“मेले ते कोनी वाढवले? मीच ना. वाढवले तवा नाव चाललं असतं, मंग आता का न्हाई?”

अधिकारी मधे पडला. “नाव नको. आणि चूक बाईंची नाही. काम जो करतो त्याला सांगायचं असतं. मी दुसऱ्यालाच सांगून आलो.” मग तलावाकडे पाहत त्याने सांगितले ते असे. त्यांच्या गावी मासे सुकवण्याच्या ओट्यांबद्दल खात्याची माणसे आली होती. मासळी वाळूत सुकवू नका, ओट्यावर सुकवा, मीठ असे लावा. सल्ला उत्तम होता. दोन तास सांगितला. समोर सगळे होडीवाले बसले होते. त्यांच्यातल्या एकानेही जन्मात मासळी सुकवली नव्हती. त्याची आई त्या वेळी मागच्या वाडीत वाळूवर बोंबील पसरत होती. “मी तिथे होतो,” तो म्हणाला. “आईला हाक मारायचं मलाही सुचलं नाही.”

त्या संध्याकाळी कचेरीत वृत्तसंपादकांनी विचारले, “खात्याच्या सल्ल्यानं मासे मेले, असं देता येईल?” मी नाही म्हणालो. चार ओळी छापून आल्या: हसनाबाद परिसरातील तलावात सोडण्यासाठी आणलेले बहुतांश मत्स्यबीज वाहतुकीत दगावले, निघण्यापूर्वी खाद्य दिले गेल्याने असे घडल्याचे तपासणीत दिसून आले, उर्वरित बीज सोडण्यात आले, सोसायटी दसऱ्यापूर्वी पुन्हा बीज सोडणार आहे. शेवटची ओळ चेअरमनच्या बायकोने सांगितली म्हणून लिहिली होती. सोसायटीचा तसा ठराव तोवर झालेला नव्हता. ठराव दोन दिवसांनी झाला.

तीन पिशव्यांतल्या बोटुकलीवर दाखला मिळण्यासारखा नव्हता. उरले होते दुसरे तळे. त्यातली पिले अजून नखाएवढी होती. भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्यावर ती बोटाएवढी होतील, असा अंदाज अधिकाऱ्याने दिला. तेव्हा दसऱ्याला महिनाच राहणार होता. ती मेली असती तर तिसरे तळे नव्हते.

पुढची बैठक देवळात झाली नाही. ती राजूरला, तळ्याच्या काठावर झाली. भोयांच्या घरांतल्या अकरा बायका टेम्पोत बसून आल्या. पुरुषांनी मागे बसायचे, असे अधिकाऱ्याने सांगितले. ते बसले, पण बोलायचे थांबले नाहीत.

“आता हेच पाह्यचं राह्यलं होतं.”

“गप बसा, समुंदरवाले सायेब लेक्चर देऊन राह्यले.”

अधिकाऱ्याने लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या आणल्या होत्या. दोन्हींत सारखे पाणी भरले. एकीत आदल्या दिवसापासून पिंजऱ्यात उपाशी ठेवलेली पाच पिले सोडली, दुसरीत नुकतीच पेंड खाल्लेली पाच. दोन्हींची तोंडे बंद केली आणि सावलीत ठेवल्या. बायकांनी सोबत आणलेल्या भाकरी सोडल्या, मिरचीचा ठेचा काढला. अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा ठेचा मागून घेतला, याची नोंद बायकांनी घेतली.

जेवण होईपर्यंत दुसऱ्या बरणीतले पाणी गढूळ झाले होते. तळाशी काळे धागे पडले होते. पिले वर येऊन तोंडे उघडझाप करत होती. पहिल्या बरणीतले पाणी आरपार दिसत होते आणि पिले खाली शांत फिरत होती.

चेअरमनच्या बायकोने दुसरी बरणी उचलून उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिले. “आपल्याच घानीत गुदमरून राह्यले,” ती म्हणाली. मग तिने झाकण काढले, बरणी तळ्यात आडवी केली आणि पाचही पिले सोडून दिली.

“किती वेळ उपाशी ठेवायचं?”

“एक दिवस आणि एक रात्र.”

“मरनार न्हाईत?”

“नाही. मासा आठवडाभरही राहतो.”

ती उठली. “ठीक हाये. मंग मी बी त्या दिवशी जेवनार न्हाई.”

तिची जाऊ हसली. “तू न्हाई जेवलीस तर मासळीला काय कळनार?”

“मासळीला न्हाई. मला कळनार. लेकराला उपाशी ठेवून मला भाकर गिळनार न्हाई. मी आनि मासळी, दोघी मिळून उपाशी राहू, मंग काही न्हाई.”

मागून चेअरमन म्हणाला, “आता माशाचा उपास! एकादशीला बी ही राहत न्हाई कधी.”

“एकादशीनं कधी तलावाचा ठेका दिला का?”

पुरुषांच्या बाजूला हशा झाला.

महालक्ष्म्या उठल्यावर तिसऱ्या दिवशी बोटुकली पिंजऱ्यात घेतली. त्या दिवशी चेअरमनच्या बायकोने काही खाल्ले नाही. तिच्या जावेनेही नाही आणि आलेल्यांपैकी आणखी चौघींनी नाही. पेंडीचे पातेले तिने घासून पालथे घातले आणि त्यावर दगड ठेवला. सकाळी सहाला पिशव्या भरल्या. या वेळी आठ डबे झाले. टेम्पो गणपतीपाशी थांबला नाही. नारळ आदल्या दिवशीच फोडून झाला होता. पाहुण्यांना बोलावले नव्हते. मुकादम आला होता.

पिशव्या लगेच उघडल्या नाहीत. बंद पिशव्या आधी तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गरम होऊ द्यायचे, असा सल्ला होता. अधिकारी थर्मामीटर काढेपर्यंत ती गुडघाभर पाण्यात शिरली होती. बाळाच्या आंघोळीचे पाणी पाहतात तसा तिने कोपर तलावात बुडवला, मग पिशवीला लावला. पुन्हा बुडवला, पुन्हा लावला.

“आजून न्हाई,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिले. “आता झालं.”

अधिकाऱ्याने दोन्हीकडे थर्मामीटर धरला. आकडे सारखे होते. त्याने थर्मामीटर झटकून खिशात ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

दोऱ्या सोडल्या. पिशव्या आडव्या केल्या. बोटुकली एकदम बाहेर पडली नाही. आधी एक, मग तीन, मग झुंडीने. आठही पिशव्या रिकाम्या झाल्यावर तळाशी पाहिले. पहिल्या पिशवीत दोन मेलेली होती, पाचवीत एक. अधिकाऱ्याने टेम्पोच्या बोनेटवर कागद ठेवून दाखला लिहिला. चेअरमनने हात पुढे केला. अधिकाऱ्याने दाखला त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो माझ्याकडे दिला आणि मी मोठ्याने वाचला. मुकादम ऐकून मग गेला.

तलाव लिलावात गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात पहिली मोठी ओढ झाली, तेव्हा जाळ्यात आलेला कटला उचलायला दोन हात लागले. तो विकला नाही. तो आमच्या घरासह काठावरच्या सगळ्या घरांत वाटला. त्या दिवसापासून सोसायटीच्या मासळीचा पहिला वाटा ट्रकवर चढत नाही.

अधिकाऱ्याची बदली पुढे कोकणात झाली. जाताना त्याने लोणच्याच्या दोन्ही बरण्या चेअरमनच्या बायकोला दिल्या. वर्षभराने सोसायटीच्या पत्त्यावर त्याचे पोस्टकार्ड आले. मीच ते वाचून दाखवले. सुकवणीच्या ओट्यांची बैठक आता वाळूवरच, बायकांच्यात घेतो, असे लिहिले होते. आईने पहिल्याच बैठकीत तीन चुका काढल्या आणि तिन्ही बरोबर निघाल्या. शेवटी विचारले होते: उपास चालू आहे का?

तिने उत्तर लिहायला सांगितले. “लिहा भाऊ. चालू हाये. ह्या वर्षी नऊ जनी होत्या. आनि इचारा, समुंदराच्या मासळीला उपास लागतो का म्हनून.”

नव्वदच्या दशकात आसपासच्या तीन तलावांच्या सोसायट्यांनी राजूरच्या तळ्यांवर येऊन बीज वाढवणे शिकून घेतले. शिकवायला ती असे, आणि त्या दोन बरण्या असत. येणाऱ्या प्रत्येक सोसायटीला एकच अट होती. खायला कोण घालतं, त्याला घेऊन या. एकदा एका गावाचे सात जण आले, सातही पुरुषच. तिने त्यांना ठेचा-भाकर दिली आणि परत धाडले. पुढच्या आठवड्यात ते बायकांना घेऊन आले.

दोन हजार सालानंतरच्या एका भाद्रपदात मी शेवटचा त्या तलावावर बीज सोडताना हजर होतो. वहीतली नोंद अशी: डबे चौदा. निघण्याची वेळ सकाळी सहा. पाण्याचे तापमान कोपराने तपासले. मेलेली बोटुकली चार. आदल्या दिवशी उपास धरणाऱ्या बायका सतरा. पुरुष एक, चेअरमन.